भोकाची नाणी आणि लातूरचे अप्पा

अप्पा, तुम्ही गेल्याला आज नऊ दिवस झाले. काल तुमच्या मुलानं दुकान उघडलं आणि मला निरोप धाडला, "बाई, नाण्यांचे ट्रे तेवढे तुम्हीच येऊन बघा, आम्हाला त्यातलं काही कळत नाही." मी गेले. मागच्या कपाटातून पहिला ट्रे काढला आणि लगेच तुमच्याशी भांडायला लागले. मोंबासाचं नाणं तुम्ही बेल्जियमवाल्यांच्या काँगोतल्या नाण्याशेजारी ठेवलं होतं. मी दहादा सांगितलं असेल, राज्याप्रमाणे लावा, इंग्रजांची वेगळी, जर्मनांची वेगळी, इटलीची वेगळी. तुम्ही मान डोलवायचात आणि पुन्हा आपल्याच मनासारखी लावायचात. कमी झिजलेली वर, जास्त झिजलेली खाली.

"राजा कोण होता ते पुस्तकात हाय की, बाई. हे किती हातांतून गेलं ते पुस्तकात न्हाई."

काल मी ते ट्रे होते तसेच ठेवले. तुमचं पटलं म्हणून नव्हे. एकटीनं जिंकण्यात मजा नाही म्हणून.

आपली ओळख भांडणातूनच झाली होती. बहात्तरचा दुष्काळ होता. मी लातूरला शाळेत शिकवत होते आणि आई कंधारकडचं आमचं गाव सोडून माझ्या एका खोलीत राहायला आली होती. येताना तांब्याचे दोन हंडे घेऊन आली. आठ दिवस ते कोपऱ्यात कोरडे उभे राहिले. मग एका दुपारी ती म्हणाली, "भरायला पाणीच न्हाई तर ह्यांची पूजा करायची का? चल, मोड घालून येऊ."

तुमच्या दुकानासमोर तेव्हा मोडीचा ढीग लागला होता. लोकांनी आणलेल्या घागरी, पराती, समया, चेपलेले तांबे. आई उन्हातून चालत आलेली, तिनं पाणी मागितलं. तुम्ही तांब्या घेऊन पुढं आलात आणि वरून धार धरलीत. गाव कोणतं, घर कुठल्या वस्तीत, एवढं विचारून तुम्ही आमची जात ओळखली होती. आईनं सवयीनं ओंजळ पुढं केली. मी म्हणाले, "एवढं मोठं भांड्याचं दुकान, आणि माझ्या आईला प्यायला एक भांडं नाही?"

तुम्ही माझ्याकडं बघितलं, मग ढिगाकडं. फळीवरचा नवा कोरा पितळी पेला काढलात, विसळलात, भरलात आणि दोन्ही हातांनी आईपुढं धरलात. "चुकलं, माय. प्या." त्या दिवसांत पेला विसळायला पाणी घालवणं म्हणजे काय होतं, ते त्या वर्षी लातुरात राहिलेल्यांनाच कळेल. पुढं वर्षानुवर्षं तुम्ही लोकांना माझी ओळख करून देताना म्हणायचात, "ह्या बाईंनी मला माझ्याच दुकानात भांडं शोधायला लावलं." लाज वाटलेली गोष्ट स्वतःहून सांगत फिरणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

हंडे तुम्ही उपडे केलेत तेव्हा एकातून दोरी पडली. खाकी, जाड दोरा आणि त्यात ओवलेली सहा नाणी. प्रत्येकाच्या मधोमध गोल भोक आणि भोकाच्या दोन्ही अंगांना हत्तीचे वाकडे सुळे. आईनं ती मुद्दामच टाकली होती. "हे पण तांबंच हाय, घ्या त्यात," ती म्हणाली.

तुम्ही दोरी उचललीत आणि उन्हाकडं धरलीत. "हे तांबं न्हाई, माय. हे लई लांबचं नाणं हाय. कुठून आलं?"

आईनं एका दमात सांगितलं. नवरा पलटणीत गेला, आफ्रिकेत लढाईला. मग सरकारी कागद आला. कागद उर्दूत होता, गावच्या मास्तरनं वाचून सांगितलं की तुझा माणूस लापता आहे. लढाई संपल्यावर लोहा गावाकडचा एक शिपाई ही दोरी देऊन गेला. त्याच्यापर्यंतही ती हातोहातच आलेली, त्यामुळं त्याला आणखी काही ठाऊक नव्हतं. गावानं वर्षभरात 'लापता'चं 'फरार' केलं. मग कुणी म्हणालं पळाला, कुणी म्हणालं तिकडं दुसरी केली. मी तेव्हा पाच वर्षांची होते. "तीस वर्षं सांभाळली," आई म्हणाली. "आता ठेवून काय करू? मी सवाष्ण हाय का रांड, हे तिला तरी कुठं म्हाईत हाय?"

तुम्ही हंडे घेतलेत. दोरी घेतली नाहीत. म्हणालात, "ही माझ्याकडं अमानत राहू द्या. मी वाचून बघतो." आई हसली. तिला वाटलं, नाणं काय वाचायचं असतं?

पण तुम्ही वाचत होतात, अप्पा. मोडीतून येणारी नाणी तुम्ही आधीपासूनच बाजूला काढून ठेवायचात. त्या दोरीपासून आफ्रिकेचं वेड लागलं. मग उदगीरकडून, हैदराबादच्या बाजारातून, आगगाडीच्या कामाला परमुलखात गेलेल्यांच्या घरांतून नाणी यायला लागली. शाळा सुटली की मी दुकानात यायची. निजामाच्या राज्यात शिकल्यामुळं तुम्हाला उर्दू यायचं, त्या जोरावर तुम्ही नाण्यावरची अरबी अक्षरं लावायचात. मी राजाच्या डोक्याभोवतीचं इंग्रजी वाचायची. दोघं मिळून एक नाणं पुरं व्हायचं.

मोंबासाच्या त्या पैशाची दुपार आठवते? एका इंग्रज कंपनीनं पाडलेलं तांब्याचं नाणं, मागं तराजू आणि तराजूपाशी अरबी अक्षरं. तुम्ही भिंग धरून बसलात आणि एकदम ओरडलात, "अदल! बाई, अदल लिहिलंय! इन्साफ!" मग आपल्या काट्याकडं बघून म्हणालात, "आमच्या धंद्याची खूण आफ्रिकेत गेली होती म्हणा की." मी म्हणाले, "कंपनीनं तराजू छापला म्हणून इन्साफ केला असं होत नाही." तुम्ही म्हणालात, "ते मला काय सांगता. काटा आमच्यापाशी पण हाय." आणि इतके हसलात की डोळ्यांत पाणी आलं.

त्या मुलखात एके काळी आपलाच रुपया चालत होता हे कळलं, तेव्हा तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत सुटला होतात. मला राग यायचा. रुपया गेला तसे इकडचे मजूरही गेले आणि रूळ टाकता टाकता मेले, हे मी सांगायची. भोकांवरून तर आपण महिनाभर भांडलो. भोक असलं की धातू कमी लागतो, असं तुमचं म्हणणं. अंगावर खिसा नसलेल्या माणसाला दोरीत ओवता यावं म्हणून भोक, असं माझं. शेवटी तुम्हीच म्हणालात, "खिसा न्हाई म्हणून भोक पाडलं, आणि झोपडीवर करपट्टी मात्र वसूल केली. आधी नाणं द्यायचं, मग तेच नाणं मागायचं, म्हंजे माणूस गोऱ्याच्या मळ्यात कामाला येतोच." मी शाळेत मुलांना साम्राज्य शिकवत होते. एवढ्या सरळ वाक्यात मला ते कधी सांगता आलं नव्हतं. हे तुम्हाला बोलून दाखवायला हवं होतं.

मग ती संध्याकाळ आली. हैदराबादच्या एका नाणेवाल्याकडं नाण्यांची जाड इंग्रजी यादी आहे असं कळल्यावर तुम्ही मला तिकडं घेऊन गेला होतात. परतल्यावर दोरीतलं एक नाणं आपण नीट धुतलं. त्यावर १९४२ साल होतं आणि जवळच एक बारीक इंग्रजी अक्षर, I. यादीतून उतरवून आणलेल्या कागदात मी बघितलं, ते मुंबईच्या टांकसाळीचं अक्षर निघालं. लढाईच्या दिवसांत आफ्रिकेची नाणी मुंबईत पाडत होते. म्हणजे ते नाणं मुंबईहून आफ्रिकेला गेलं आणि फिरून कंधारच्या वाटेला आलं. मला गंमत वाटली. तुम्हाला वाटली नाही. तुम्ही विचारलंत, "तो लापताचा कागद कोणत्या सालचा?"

कागद एकेचाळीसचा होता.

तुम्ही म्हणालात, "मंग लापता झाल्यावर एक वर्षानं तरी ते जिवंत होते, बाई. नाणं खोटं बोलत न्हाई."

मी म्हणाले, "नाणं कधी पाडलं एवढंच नाणं सांगतं. कुणाच्या हातात होतं ते सांगत नाही. हातोहात आलेली दोरी आहे. कुणीही ओवलं असेल."

"मग तपास करू. अर्ज लिहू."

"नाही."

तो 'नाही' मी कशाला म्हणाले, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. आज सांगते. मला भीती होती की बाप जिवंत निघेल. तिकडं त्याची बायको असेल, पोरं असतील, आणि गाव म्हणत होतं तेच खरं ठरेल. आईनं आयुष्यभर खडी फोडून, दुसऱ्यांच्या रानात खुरपून मला शिकवलं. तिच्यासमोर ते खरं ठरलेलं मला बघवलं नसतं. म्हणून मी तुमच्याकडून शब्द घेतला की आईला हे सांगायचं नाही. तुम्ही म्हणालात, "मी होऊन सांगणार न्हाई." शब्द किती मोजून दिला होतात, ते मला फार उशिरा कळलं.

दहा वर्षं गेली. लातूर जिल्हा झाला. कमानी उभ्या राहिल्या, हलग्या वाजल्या, रोज कुठल्या तरी दारावर नव्या कचेरीची पाटी लागायची आणि रंग वाळायच्या आत लोक रांगेत उभे राहायचे. माजी सैनिकांची कामं बघणारं एक टेबलही कुठंतरी सुरू झालं. मला त्याचा पत्ता नव्हता. एक दिवस त्या टेबलावरचा कारकून रस्त्यात भेटला आणि म्हणाला, "बाई, तुमच्या आईंचा अर्ज पुढं धाडलाय बरं का."

मी तशीच दुकानात आले. गिऱ्हाईक होतं, तरी बोलले. विश्वासघातकी म्हणाले. तुम्ही हातातली परात खाली ठेवलीत आणि एवढंच म्हणालात, "घरी जाऊन माईला इचारा."

घरी आई ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मीच इचारलं त्यान्ला. म्हणलं अप्पा, त्या दोरीत असं काय हाय की माझी लेक मला सांगत न्हाई? ते परातच पुसत बसले. मी म्हणलं, तुमच्या गळ्यातल्या लिंगाची आण हाय. तवा सांगितलं. अंगठा मी दिलाय. नवरा माझा हाय, कमल. तू कोण न्हाई म्हणणारी?"

कारकून तिला म्हणाला होता म्हणे, कंधार आमच्यात येत नाही, नांदेडला जा. त्यावर तुम्ही टेबलावर हात ठेवून म्हणाला होतात, "माय दहा वर्षं लातूरचं पाणी पिऊन राहिली. नवा जिल्हा केलाय ना? मग ही त्यातली पहिली माणूस समजा." हे मला आईनं सांगितलं, आणि सांगताना ती हसत होती. मी हसले नाही. मी तुमच्याशी बोलणं टाकलं. शाळेतून घरी यायची वाटही बदलली. तुम्ही दोनदा निरोप धाडलात, झांजीबारचं नवं नाणं आलंय म्हणून. मी गेले नाही. नऊ महिने, अप्पा. सत्तरीकडं झुकलेल्या माणसावर मी नऊ महिने रुसून बसले, तेही त्यानं माझ्या आईचं ऐकलं म्हणून.

मग एका रविवारी सकाळी तुम्ही आमच्या दारात उभे होतात. कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात लांबोडकं पाकीट. उत्तर तुमच्या दुकानाच्या पत्त्यावर आलं होतं. पाकीट तसंच चिकटलेलं. तुम्ही म्हणालात, "इंग्रजी मला येत न्हाई. आलं असतं तरी फोडलं नसतं. वाचा."

मी वाचलं. आधी इंग्रजीत मनात, मग मराठीत मोठ्यानं. सखाराम वल्द धोंडी, म्हणजे माझा बाप, डोंगरातल्या लढाईत शत्रूच्या हाती सापडला. काही महिन्यांनी सुटला. प्रकृती ढासळलेली, म्हणून मोंबासाच्या लष्करी दवाखान्यात रुग्णांच्या सेवेला ठेवला. तिथंच त्रेचाळीस साली तापानं वारला. अंत्यसंस्कार तिथं. नाव तिथल्या दगडावर कोरलेलं आहे. तसं दुसरं पत्र त्याच वेळी गावी धाडलं होतं, असंही लिहिलेलं होतं. ते आमच्यापर्यंत कधी पोचलंच नाही.

तुम्ही उंबऱ्याशीच उभे होतात. आईनं विचारलं, "मंजी पळाला न्हाई?"

तुम्ही म्हणालात, "न्हाई, माय. आजाऱ्यांची सेवा करत गेला."

"दोरी त्यानंच ओवली?"

मी तोंड उघडणार होते. नाण्यावरून हे सिद्ध होत नाही, असं म्हणणार होते. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, आणि दहा वर्षांत पहिल्यांदा मी वाद घातला नाही. तुम्ही म्हणालात, "ते नाणं सांगत न्हाई, माय. पण एक पाहा. सहाच्या सहा नाणी दोऱ्यापाशी सारखीच घासलेली हायत. म्हंजे ती लई दिवस एकाच दोरीत, एकाच अंगावर होती." मी एवढं इंग्रजी वाचलं होतं, दहा वर्षं ती नाणी हाताळली होती, आणि भोकाच्या आतल्या कडेकडं माझं कधी लक्षच गेलं नव्हतं.

चार दिवसांनी आई म्हणाली, गावाला जायचं. आपण तिघं एस.टी.नं गेलो. चावडीपुढं माणसं बसली होती, त्यांत दोघं-तिघं तिच्या वयाचे. आई मधोमध जाऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "वाच." मी वाचलं. बापाचं नाव आलं तिथं तिनं मला थांबवलं. "पुन्यांदा वाच. ह्यान्ला कमी ऐकू येतं." मी तीनदा वाचलं. चौसष्ट वर्षांची माझी आई पदर खोचून उभी होती आणि एकेकाच्या तोंडाकडं बघत होती. कुणी खाली बघितलं, कुणी जागा करून दिली, एका म्हाताऱ्यानं हात जोडले. ती रडली नाही. परतीच्या एस.टी.त तिनं हातातल्या बांगड्या एकेक करून काढल्या, पिशवीत टाकल्या आणि खिडकीला डोकं टेकून झोपी गेली. इतकी गाढ झोपलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. पुढं पेन्शनही सुरू झाली. पण तिला हवं होतं ते त्या चावडीवर मिळालं होतं.

दोरी तुम्ही परत आणून दिलीत. तिनं घेतली नाही. "तुमच्यापाशीच राहू द्या," म्हणाली. "तुम्हालाच वाचता येती."

दुसऱ्या दिवशी मी दुकानात आले. नऊ महिन्यांवर एक अक्षर न बोलता विचारलं, "नवीन काय आलंय?" तुम्ही म्हणालात, "चहा आलाय. बसा." आणि झांजीबारचं नाणं पुढं सरकवलंत. माफी मागायची ती वेळ होती. मी भिंग उचललं. पुढं पाच वर्षं रोज वेळ होती. मला वाटायचं, आपल्यात तसलं बोलायची गरज नाही. हे सोयीचं होतं, खरं नव्हतं. म्हणून आज लिहून ठेवते, अप्पा. तुम्ही बरोबर होतात. मी घाबरले होते, आणि त्या भीतीला मी आईची काळजी म्हणत राहिले. माझ्या भीतीपायी तिची दहा वर्षं गेली. तुम्ही नसतात तर सगळीच गेली असती.

तुमच्या मातीच्या दिवशी आई म्हणाली, मी येणार. सत्तरीची बाई, गुडघे दुखतात, ऊन होतं. तुमच्या समाजात मेलेल्या माणसाला बसवून माती देतात हे तिला ठाऊक नव्हतं. खड्ड्याच्या काठाशी ती थबकली. तुम्ही आत मांडी घालून बसलेले, अंगाला विभूती, पुढं बेलाची पानं. बायका मागं थांबल्या होत्या. आई थांबली नाही. माणसांनी वाट दिली. कुणीतरी हळूच विचारलं, "ही कोण लागती अप्पांची?"

आई खाली वाकली, दोन्ही हातांनी माती घेतली आणि तुमच्या पायांशी सोडली. मग हात न झटकता उभी राहिली आणि त्या माणसाला म्हणाली, "माझ्या माणसाच्या मातीला मला कुणी बोलावलं न्हाई. ह्यांच्या मातीला मी न बोलवता आलेय."